दारातले बूट

तुर्सुनाय : तुम्ही फक्त गोळ्यांची चिठ्ठी द्या, बुरुल-एजे, थोरल्या ताईसारख्या आहात. अख्ख्या नारिन शहरात पोरांचं डोकं तपासणाऱ्या तुम्ही एकट्याच. उद्या चिठ्ठी दाखवली नाही, तर शाळा माझ्या अकमरलचं नाव पटावरून काढणार आहे.

डॉ. बुरुल : देईनही. वर्गात करते काय ती?

तुर्सुनाय : काही करत नाही, हेच तर दुखणं! बाई फळ्याशी, हिचे कान व्हरांड्यात. आठ वर्षांची घोडी झाली, पण शाळेतून आली की दाराबाहेर अर्धा तास बुटाची नाडी सोडत बसते.

डॉ. बुरुल : रोज?

तुर्सुनाय : रोज. का?

डॉ. बुरुल : मघाशी तिला म्हटलं, तुझं घर काढ. हे काढलंय.

तुर्सुनाय : नुसते बूट?

डॉ. बुरुल : पुरुषाचे. चकचकीत. तुर्सुनाय, खरं सांग, तुझा नवरा मक्सत रशियातून परत आलाय?

तुर्सुनाय : वाटलंच मला! चित्राच्या नावाखाली पोरीकडून घरातलं काढून घेता!

डॉ. बुरुल : त्यानं उकळती किटली फेकली, तेव्हा पोरीच्या खांद्याला मलम मी लावलंय. लपवू नकोस. आलाय का?

तुर्सुनाय : नाही हो! दोन वर्षं झाली. तिकडेच दुसरा संसार थाटलाय मेल्यानं.

डॉ. बुरुल : मग बूट कुणाचे?

तुर्सुनाय : त्याचेच, जुने. मीच ठेवते दाराबाहेर. घरात पुरुष नाही, हे सगळ्या जिन्याला कशाला कळायला हवं?

डॉ. बुरुल : आणि ही चकाकी?

तुर्सुनाय : धूळ साचली तर चोर फसेल होय? रोज पुसते. कधी आडवे टाकते, कधी भिंतीशी लावते. बर्फ पडला की चिखलही फासते. परवा शेजारीण विचारत होती, मक्सत आला वाटतं?

डॉ. बुरुल : अकमरलला सांगितलंयस हे?

तुर्सुनाय : पोरीची जात, कुठे बोलून बसली म्हणजे? तिला कशाला...

डॉ. बुरुल : बोल.

तुर्सुनाय : मी आतून ओरडायचे, एजे. किती वेळ लावतेस म्हणून.

डॉ. बुरुल : गोळ्या लागतीलही कदाचित. काही मुलांचं मुळातच असं असतं, काहींचं भीतीनं होतं, काहींचं दोन्ही. पण ते बूट दारात असेपर्यंत मला कळणार कसं? शाळेला मी महिन्याची मुदत मागते.

(दार किलकिलं होतं. अकमरल डोकावते.)

अकमरल : आई, झालं का? आज आत आधी तू जा. बाबा नसले, तर मला हाक मार.