चौथ्या दिवसाची दुपार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे आदरणीय सचिव, मुख्याध्यापिका भार्गवी मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, समोर पहिल्या रांगेत बसलेले आमचे क्रीडाशिक्षक राधाकृष्ण सर, त्यांच्या पत्नी छबूबाई वहिनी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

सरांविषयी काहीतरी स्फूर्तिदायक बोला, असं मॅडमनी मला सांगितलं होतं. मी प्रयत्न केला. जमलं नाही, हे आधीच कबूल करतो.

राहात्यात पाटाच्या कडेनं धावणारे सर आपण वीस वर्षं पाहिले. गेल्या जानेवारीत ते सहा दिवसांच्या शर्यतीत उतरले. एक किलोमीटरची गोल वाट. सहा दिवसांत जो सर्वांत जास्त अंतर कापेल, तो जिंकला. जेवण, झोप, सगळं त्याच वेळातून काढायचं. मी गणिताचा शिक्षक, म्हणून फेऱ्या मोजायला आणि पाणी द्यायला सोबत गेलो. सहाशे किलोमीटर करायचे, असं दोघांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पायांची नखं निघाली. सर हसले, 'नवी येत्यात की.' दमले की सर त्यांच्या मूळ गावच्या, तिसगावच्या बोलीत शिरतात, हे आपण जाणताच. चौथ्या दिवशी भर दुपारी मात्र ते रिकाम्या मैदानाकडे बोट दाखवून थांबले. 'नृसिंह सर, पोरं उन्हात उभी हायेत. सावलीत घ्या त्यांना.' तिथे कुणीही नव्हतं. झोपेविना मनाचं असं होतं, हे मी वाचलं होतं. समोर पाहणं वेगळं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. 'लघवी काळ्या चहासारखी झालीय. डॉक्टरला सांगू नका, ते थांबवतील मला. एवढं एकदा होऊ द्या.'

स्नायू तुटून त्यांचं विष मूत्रपिंडात गेलं की असा रंग येतो. शर्यतीच्या डॉक्टरांनी हे आम्हाला आदल्याच दिवशी समजावलं होतं. तासाभरात ते आले. 'यांची लघवी कशी होतेय?'

मी म्हणालो, 'साफ होतेय.'

वहिनी, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. सर कधीच सांगणार नव्हते. मी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

त्यानंतर सर एकोणीस तास चालत राहिले. धावणं कसलं, फरपटणंच ते. तीनशे एक्क्याऐंशीव्या फेरीत कोसळले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मूत्रपिंडं पुन्हा काम करतील ही आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून नोकरीची आठ वर्षं शिल्लक असताना हा निरोप.

गेल्या आठवड्यात मी सरांना विचारलं, 'मी त्या दिवशी खरं बोललो असतो तर?'

ते म्हणाले, 'तर मी जन्मात तुमच्याशी बोललो नसतो. आता बोलतो, पण बोलायला उरलंय काय?'

  

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. शब्दांत कमीजास्त झालं असेल, ते पोटात घाला. बाकीच्याची क्षमा कुणाकडे मागावी, मला कळत नाही.

सर, पायऱ्या चढू नका. बसून राहा. शाल घेऊन मीच खाली येतो.