झालं, झालं, झालं

औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत निवृत्त हेडक्लार्क उभे होते. त्यांच्या पुढे एक नणंद आणि दोन दिवसांसाठी परगावाहून आलेली तिची थोरली वहिनी. जन्मभर दुसऱ्यांचे शेरे वाचलेल्या माणसाचे कान आपोआपच टवकारले.

"वहिनी, आईच्या कामांचा तो ऑनलाइन तक्ता आहे ना, त्याची हिस्टरी उघडली मी काल, कोणी कधी काय लिहिलं ते दिसतं त्यात. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळ्यापुढे 'झालं' लिहिलंय. दादानं!"

"मग? तक्ता त्यांनीच तर सुरू केला."

"अहो, पण तुम्ही राहता आठशे किलोमीटरवर! आठवड्याभराची कामं रविवारी सकाळी, चार मिनिटांत?"

"तू करतेस हे ठाऊक असतं त्यांना. विश्वास आहे गं तुझ्यावर."

"मग माझं नाव का नाही?"

"तुला कुठे वेळ असतो लिहायला!"

"म्हणून आईलाच दाखवलं सगळं. म्हटलं, तिला तरी कळू दे कोण करतं ते."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, एवढ्या व्यापातून दर रविवारी माझ्यासाठी बसतो बिचारा."

"बसतात गं खरंच. चहासुद्धा जागेवर न्यावा लागतो."