दोन्ही बाजूंनी सुलटा

…आणि मी एवढा घसा कोरडा करून सांगितलं, तर ही म्हणते काय, "तुझं अगदी बरोबर आहे, फिंटन!" ऐकलंत? बरोबर आहे म्हणे! हसताय? हसा. ते ओले कोट खुंटीला अडकवा, विस्तवाजवळ सरका, बाहेर एवढ्यात काही उघडत नाही, आणि खुशाल हसा. या पबमध्ये येणारा प्रत्येक जण हसतो. "गेराटी, नशीब काढलंस लेका, बायको शब्दाबाहेर नाही!" अहो, पण तीच तर तक्रार आहे! माझी बायको डिम्फ्ना, लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तिनं जन्मात मला 'बरोबर' म्हटलेलं नाही. मग तिकडे खोलीत बसून 'बरोबर, बरोबर' करणारी ही बाई कोण? आणि माझी कुठाय?

पावसाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही सुट्टीला आलात ना इकडे? उत्तम केलंत. मेयो परगण्याच्या या किनाऱ्यासारखी जागा नाही. गर्दी नाही… कोण येणार? हिरवं इतकं की डोळ्यांना शिणवटा येतो. समुद्र आहे. दिसत नाही, पण आहे, ऐकू येतो की. माणसं इतकी प्रेमळ की रस्ता विचारा, हाताला धरून घरात नेतील, चहा पाजतील, सोडाब्रेडवर बोटभर लोणी थापतील, तुमच्या आजीचं माहेर कुठलं ते काढतील, आणि रस्ता तेवढा सांगायचा राहील. आता वाईट बाजू म्हणाल, तर टॉवेल वाळत नाही. आल्या दिवशी अंग पुसलं की जायच्या दिवसापर्यंत त्याच पाण्यानं पुसायचं. वर्तमानपत्राची लापशी होते. आणि पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, ओळखीच्या माणसासारखा थेट तोंडावर. पण मी ॲथलोनच्या कचेरीत आयुष्यभर कागदांवर शिक्के मारले, इतकं कोरडं काम दुसरं नाही, तेव्हा सुट्टी तरी ओली असावी, असं माझं मत.

डिम्फ्नाचं मत? स्पेन! तिची बहीण जाते ना दरवर्षी, भाजलेल्या खेकड्यासारखी होऊन येते. "फिंटन, माणसं सुट्टीत उन्हात बसतात. आपण इथं येऊन काय करतो? खिडकीत बसून पावसाला मार्क देतो! कालच्यापेक्षा बरा, परवापेक्षा वाईट! आणि तू म्हणणार, उघडतंय, उघडतंय, पश्चिमेकडे बघ कसं उजळलंय… अरे, तो दीपगृहाचा दिवा आहे, गाढवा!" असं बोलायची. काय आवाज, काय जोर! ऐकताना वैताग यायचा हो. आता आठवलं की…

जाऊ द्या. गेल्या उन्हाळ्यात तिला खूश करावं म्हणून मी दोन रेनकोट घेतले, तिला एक, मला एक. साधेसुधे नव्हेत! दोन्ही बाजूंनी घालायचे. एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला खाकी, शिवण इकडूनही झाकलेली आणि तिकडूनही. दुकानदार म्हणाला, "साहेब, याला उलटी बाजूच नाही!" मीही फुशारकीनं घरी सांगितलं, याला उलटी बाजूच नाही. डिम्फ्ना म्हणाली, "तुझ्यासारखाच. कुठूनही बघा, शहाणपण शून्य." पण घातला बरं का.

तर आम्ही इथं बीझी लावेलबाईंकडे उतरलो, नेहमीसारखे. म्हातारी मोठी प्रेमळ. दुपारी बाहेर पडताना तिनं मला दारात अडवलं. "मिस्टर गेराटी, समुद्रावर निघालात तर रस्त्यानं जा, राजा. ते वरचं शेत ओलांडू नका. तिथं चकव्याचं ढेकूळ आहे, पाय पडला की फाटक सापडत नाही माणसाला. आणि पडलाच पाय, तर घाबरायचं नाही, अंगातला कोट काढून उलटा घालायचा. उलटा कोट घातला की ते ओळखत नाहीत आणि सोडून देतात." मी विचारलं, "ते म्हणजे कोण, बीझीबाई?" तर म्हणाली, "नावं घ्यायची असती तर घेतली नसती का मी?" आता मी वाचणारा माणूस. चकवा आणि मी? वळलो ना शेताकडेच!

डिम्फ्नाही आली मागून, बडबडत. चारी बाजूंनी दगडी बांध, एक लोखंडी फाटक, आत तीन मेंढ्या, बस. एवढंसं शेत. मधोमध आलो आणि ती थांबली. "माझ्या बुटात पाणी गेलं. मी आता एक पाऊल पुढे टाकणार नाही. तुला जायचं तर जा, समुद्राला माझा नमस्कार सांग." मी म्हटलं, "थांब तर थांब!" आणि रागानं तरातरा पुढे गेलो. मागे वळून बघितलं नाही. चाळीस वर्षं बघितलं नव्हतं, तेव्हाच का बघू?

गेलो, गेलो… बांध आला. फाटक नाही. म्हटलं, डावीकडे असेल. बांधाला हात लावून चाललो, कोपरा आला, वळलो, कोपरा आला, वळलो, पुन्हा कोपरा. फाटक नाही! मेंढ्या नाहीत! पाऊस होता, पण तुम्हाला सांगतो, त्याचा आवाज बंद झाला होता. पडतोय, दिसतोय, कोटावरून ओघळतोय, आणि आवाज नाही. कधी पाहिलाय असा पाऊस? मी हाक मारली, "डिम्फ्ना!"

"इकडे, फिंटन." बांधाच्या पलीकडून. तिचाच आवाज.

हायसं वाटलं हो! मी म्हटलं, "फाटक कुठाय? हा पाऊस जरा जास्तच झाला." तर पलीकडून आवाज येतो, "छे, छे! किती छान पडतोय. इथं आलो ते किती बरं केलं." मानेवरचे केस उभे राहिले. मग मुद्दाम विचारलं, "आणि स्पेन?" आवाज म्हणतो, "स्पेनमध्ये काय ठेवलंय? तुझं बरोबर होतं, फिंटन. तुझं नेहमीच बरोबर असतं."

अहो! आवाज तिचा, खोकलासुद्धा तिचा, पण बोलणं? नवरा म्हणून एक वेळ मी भुतावर विश्वास ठेवीन, पण त्या वाक्यावर? झटकन कोट काढला, उलटा केला, घातला. निळ्याचा खाकी झाला. आणि मग डोक्यात उजेड पडला… याला उलटी बाजू आहे कुठे? इकडूनही सुलटा, तिकडूनही सुलटा! आता ते कोण जे असतील ते, त्यांनी काय समजायचं? त्यांचाही गोंधळ झाला असणार. पुन्हा निळा केला, पुन्हा खाकी केला, आणि बघतो तर समोर फाटक! उघडं! आणि फाटकात डिम्फ्ना उभी, हसतमुख. "चल, चहा घेऊ," म्हणाली. एवढ्या पावसात उभी, आणि केस कोरडे.

घरी आलो. बीझीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कोटाकडे. कोट हातात घेतला, आतून चाचपला, बाहेरून चाचपला. "मिस्टर गेराटी, याची उलटी बाजू कोणती?" मी आधी निळी दाखवली, मग खाकी. तिनं छातीवर क्रूस काढला आणि किटली चुलीवर चढवली. "माझ्या सासऱ्यांचं असंच झालं," म्हणाली. "त्या शेतातून आले ते इतके गोड होऊन आले की बस. मरेपर्यंत आवाज चढवला नाही. घरात कुणी तक्रार केली नाही हो." मी विचारलं, "आणि खरे सासरे?" ती म्हणाली, "साखर घालू ना चहात?"

तरी मी पळत परत गेलो. गाव गोळा केलं, शेत उभं-आडवं तुडवलं. तीन मेंढ्या. लोक मला म्हणतात, "गेराटी, बायको तर तुझ्या शेजारी उभी आहे!" आणि ही शेजारी उभी, मान डोलावतेय. "बरोबर आहे त्याचं, शोधा ना नीट," म्हणते! सांगा, आता पोलिसांत काय तक्रार देऊ? बायको हरवली, वर्णन, ही अशी?

मग ॲथलोनला वर्ष काढलं. कसं काढलं माझं मला ठाऊक. स्वयंपाक उत्तम. भांडण नाही. मी विनोद केला की ही हसते… पण विनोद संपायच्या आधी! शेवटचं वाक्य माझ्या तोंडात असतं आणि ही हसून मोकळी. रात्री पाऊस लागला की उठून खिडकीशी उभी राहते, काचेवर हात ठेवून, आणि काच बाहेरून धुरकटते. बाहेरून हो! बहिणीनं स्पेनचं विचारलं, तर ही म्हणाली, "फिंटन म्हणेल तसं." बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय केलंस तू माझ्या बहिणीला?" त्या बाईनं तेवढं ओळखलं. पहिल्यांदाच मला ती आवडली.

या उन्हाळ्यात परत आलो. साधा कोट आणला, उलट-सुलट असलेला, लोकरीचा, लग्नातला. पावसाबद्दल माझी तक्रार नाही हे खरं, पण त्या दिवशी जो कोसळत होता! शेतात शिरलो. पावसाचा आवाज बंद झाला. बांधाला तोंड लावून हाक मारली, "डिम्फ्ना!"

"कुठे मेला होतास?"

अहो, मी बांधाला मिठी मारली! "वर्ष झालं, गाढवा! माझे बूट कुजले! एक पाऊल टाकणार नाही म्हटलं, तर माणूस शब्द धरून बसतो? मागे वळून बघायचं नाही?" मी रडत होतो, पावसात कळत नाही हे बरं. म्हटलं, "डिम्फ्ना, कोट उलटा घाल!" तर म्हणते, "कुठला कोट? तुझा हा निळा-खाकी, निळा-खाकी करून माझे हात दुखले! उलटी बाजू नसलेला कोट आणतो कुणी?" मी माझा कोट काढला आणि बांधावरून पलीकडे फेकला. "हा घे! उलटा घाल आणि ये!"

आणि मग कोट परत आला. बांधावरून, घडी घालून. बाह्या आत दुमडून, कॉलर वर, अशी घडी जगात एकच बाई घालते. "लग्नातला कोट चिखलात फेकतोस? अक्कल आहे का? आणि मी काय पुरुषाचा कोट घालून गावातून येऊ?" मी विनवण्या केल्या. म्हटलं, चुकलो, स्पेनलाच जायला हवं होतं. तर म्हणते, "आता म्हणतोस होय! आता तुझं ऐकून आले, तर जन्मभर सांगत सुटशील, मी सांगितलं म्हणून सुटली!"

तुम्हाला सांगतो, बीझीबाईंचा स्वतःचा कोट नेला. रंग वाईट म्हणून परत. तिच्या बहिणीचा मागवला. "तिचा? मी?" म्हणून परत. तेव्हापासून इथंच राहिलोय. सकाळी इकडे एक बाई मला चहा देते आणि म्हणते, तुझं बरोबर आहे. दुपारी तिकडे बांधाशी बसतो, आणि दुसरी सांगते की माझं सगळं चुकलं. लोक म्हणतात, म्हातारा भिजून भिजून खुळावला. म्हणोत. आज एक नवा नेतोय, हिरवा, अस्सल उलट्या बाजूचा, अस्तर फाटकं. बघू. पावसाबद्दल माझी खरंच काही तक्रार नाही.

चला, निघतो मी. उशीर झाला तर बोलेल. वेळेवर गेलो, तरी बोलेल.