हुंकार कुणाचा?

…आणि वर बायको मलाच विचारते, "ओरडता कशाला?" ओरडू नको तर काय, पाठ थोपटू?

तुम्हाला सांगतो, उभा जन्म लोककथांच्या अभ्यासात घातला आणि एकच सूत्र हाती लागलं: माणूस म्हणजे हुंकार देणारा प्राणी! ऐकणारा 'हं' म्हणतो म्हणून कथा पुढे सरकते; हुंकार थांबला की कथा मेली! परवा व्याख्यान आहे माझं, 'विज्ञानकथेतला यंत्रमानव आणि लोककथेतला परकायाप्रवेश'. राजाचा जीव पोपटात शिरला तर राजा कोणता, आणि माणसाची स्मृती, आवाज, सगळं यंत्रात भरलं तर माणूस उरला कुठे… हे मी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं वाचतोय, आणि आतून बायको, अगदी नेमक्या जागी, "हं… बरं… मग?" असा हुरूप आला म्हणता! म्हटलं, "यंत्राला सगळं साधेल, पण हुंकार? नाव नको!" आतून, "अगदी खरं!" आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. उघडतो तर दारात कोण? बायको! हातात शिवून आणलेल्या चपला! आणि आतून बायकोचाच आवाज, "हं… मग?"

मग काय, कपाळ!

महिनोन् महिने, अहो, स्वयंपाकघरातून एक बोलक्या यंत्राची डबी हुंकार देत होती मला! लेकीनं बसवून दिलेली. तिला फोनवर खडसावलं तर म्हणते, "बाबा, आवाज आईचाच आहे ना? तिच्या जुन्या 'हं'वरूनच शिकलंय ते." जुन्या! म्हणजे ताजा 'हं' मला शेवटचा मिळाला केव्हा? आणि हिला विचारलं, "अगं, तू कुठे होतीस?" तर म्हणते कशी, "मी हवीच कशाला? तुमच्या त्या राजाचा नाही का, देह इथे नि जीव तिथे? तुमचं ऐकूनच सुचलं हो मला!" घ्या! माझंच शास्त्र, माझ्याच टाळक्यात! माणूस म्हणजे हुंकार देणारा प्राणी ना? मग डबी माणूस, आणि ही कोण?

म्हटलं, बंद कर ती डबी! बस समोर, हाडामांसाची! बसली. मी सुरू केलं, "राजाचा जीव पोपटात शिरला…" "थांबा. मग भूक कुणाला लागायची? राजाला की पोपटाला?" गिळला अपमान. पुढचं वाक्य. "अहो, मघाशी उलटं म्हणालात." हुंकार म्हणून एक नाही, नुसत्या शंका! आणि त्यातली एकही, मेली, चुकीची नाही! व्याख्यान परवा, आणि आम्ही अजून पहिल्याच पानावर…

शेवटी मीच उठलो, डबी चालू केली, आणि हिला म्हटलं, "तू… जरा फिरून ये गं."