वक्ता मंचावर अनुपस्थित

…आणि वर मला म्हणतात काय, तर 'काका, तुम्हाला बोलता येत नाही!' मला! आता तुम्हीच सांगा, तुम्ही सहाजण आत अडकल्यापासून माझं तोंड क्षणभर तरी बंद झालंय का? नाही ना? घाबरू नका हो बाई, खोकला येतोय तर खोका खुशाल, हवा भरपूर आहे आत. लिफ्ट पडणार नाही. पडायचीच असती तर मी असा दाराला गाल लावून गप्पा मारत बसलो असतो का? तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे आहात, वर मशीनरूममध्ये माझा जोडीदार हाताने चाक फिरवतोय, बोटबोट वर सरकताय, आणि तोवर एकाने दाराशी उभं राहून आतल्यांशी बोलत राहायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. माणूस आत गप्प बसला की त्याच्या मनात नाही नाही ते येतं. म्हणून बोलायचं. पंचवीस वर्षं बोलतोय मी. बंद दाराशी! एकदा एक गृहस्थ पावणेदोन तास अडकले होते, बाहेर आल्यावर म्हणाले, 'पुन्हा अडकलो तर यांनाच पाठवा.' आणि तो मी, भाषणाच्या परीक्षेत नापास!

आता या वयात कॉलेजात कशाला गेलात, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. आमची ही तर रोज विचारते. अहो, गुडघे गेले! लिफ्टच्या खड्ड्यात शिडीने उतरायचं म्हणजे गुडघ्यांचं काम, आणि माझे दोन्ही कुरकुरतात. सुपरवायझर झालो तर खुर्चीत बसून दुसऱ्याला उतरवता येतं. पण त्याला पदविका पाहिजे. म्हणून दर शनिवारी सकाळी वर्गात जाऊन बसलो, आजूबाजूला चाळीस पोरंपोरी, सगळी माझ्या धाकटीच्या वयाची. गणित झालं, विजेचा पेपर झाला, सगळं नीट! आणि मधेच हे लचांड… 'भाषणकला: प्राथमिक ओळख'. सक्तीचा विषय! मी म्हटलं, मॅडम, लिफ्ट भाषणाने चालते का? तर गोड हसून म्हणाल्या, 'काका, माणसं भाषणाने चालतात.' सव्वीस वर्षांची मुलगी हो! आणि मग सुरू झालं ते, 'हात मोकळे, नजर वर, मुद्दे तीन!'

हात मोकळे! आयुष्यभर या हातात पाना नाहीतर पक्कड, मोकळे म्हणजे ठेवायचे कुठे? खिशात घातले की 'काका, खिसा!' पाठीमागे बांधले की 'काका, तुम्हाला अटक झालीय का?' आणि नजर वर केली की चाळीस चेहरे! तुम्हाला सांगतो, माणसाचा चेहरा ही फार वाईट गोष्ट आहे. तुम्ही आत आहात, दिसत नाही, म्हणून मी असा सुटलोय. उद्या समोर आलात तर 'अं' च्या पुढे गाडी जायची नाही. आणि त्या 'अं' ची तर निराळीच तऱ्हा! दर वेळी एकीला पुढच्या बाकावर घंटी देऊन बसवायचं, वक्ता 'अं' म्हणाला की टिंग! मी उभा राहिलो, म्हटलं, 'अं…' टिंग. 'म्हणजे, अं…' टिंग. 'ती घंटी जरा, अं…' टिंग! पोरं हसून लोळतायत आणि मॅडम मागून, 'छान, छान, हात मोकळे, नजर वर!' काय छान?

बरं, शेवटच्या परीक्षेचा विषय काय असावा? श्रद्धांजली! आपल्या जवळच्या एका माणसावर, तो आता हयात नाही असं समजून, चार मिनिटं. 'समजून' बरं का! म्हणजे जिवंत माणसं धडाधड मारून टाकली हो त्या पोरांनी. एकाने मामा मारला, एकीने मैत्रीण मारली, ती मैत्रीण शेजारीच बसून टाळ्या वाजवतेय. एका पठ्ठ्याने स्वतःच्या जुन्या मोबाइलला श्रद्धांजली वाहिली, पन्नासपैकी एकेचाळीस! मी म्हटलं, आपण आपला बाप घेऊ. होता तेव्हा. घरीच होता, अंथरुणावर, छातीच्या दुखण्याने. चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेला माणूस. लोकांची मापं घेता घेता स्वभावही तसाच झालेला, जरा कुठे सैल दिसलं की चालायचं नाही.

आता सराव करायचा कुणासमोर? ही म्हणाली, 'मला कामं आहेत.' मुलगी म्हणाली, 'बाबा, प्लीज.' राहिला कोण? म्हाताराच! म्हणजे बघा, ज्याला मारायचा त्याच्याच पुढे त्याची श्रद्धांजली! मी आपला पलंगापाशी उभा राहिलो, कागद धरला, बापाच्या तोंडाकडे बघितलं, आणि… अं. पुढे काही नाही. दहा मिनिटं गेली. शेवटी तो वैतागला. म्हणाला, 'तू दाराबाहेर जा. दार ओढून घे. आणि मी लिफ्टमध्ये अडकलोय असं समज.' एवढं डोकं त्या मॅडमचंही चाललं नव्हतं हो! मी बाहेर गेलो, दार ओढलं, आणि काय सांगू, नळ सुटावा तसा सुटलो!

फक्त त्याच्या हाताशी ती कापड मापायची लाकडी पट्टी होती. पलंगाच्या लोखंडावर एकदा वाजवली की 'सैल आहे, कमी कर'. दोनदा वाजवली की 'खोटं आहे'. मी म्हटलं, 'माझे दिवंगत वडील अत्यंत कष्टाळू होते.' आतून काही नाही. बरं. मुद्दा दुसरा, 'ते अतिशय प्रेमळ होते.' टक टक! मी दार उघडलं. म्हटलं, 'बाबा, प्रेमळ होतात की तुम्ही!' म्हणे, 'कधी? वार सांग.' आता वार कुठून सांगू? पुढे गेलो. मुद्दा तिसरा, 'त्यांना शिक्षणाचं मोल ठाऊक होतं…' अहो, टकटकटकटक! पाण्याचा पेला खाली! मी धावत आत, तर बसायचा प्रयत्न करतोय, तोंड लाल. म्हणाला, 'तुझी शाळा मी सोडवली ते कुठाय यात?'

हां… ते राहिलं सांगायचं.

मी सोळा वर्षांचा होतो. दुकानातला कारागीर पळाला, गिऱ्हाइकांचे कपडे अडले, तसा हा माणूस गळ्यात टेप तशीच ठेवून भर तासात वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. गणिताचा तास. सर फळ्यावर लिहितायत. हा म्हणाला, 'चल.' दोन महिन्यांसाठी म्हणाला होता. मी चार वर्षं काजं केली हो! मग तयार कपडे आले, दुकान बसलं, आणि मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो. त्यावर आमच्या घरात तीस वर्षं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. ना तो, ना मी. आणि हा श्रद्धांजलीत घाल म्हणतोय! मी म्हटलं, 'बाबा, असलं घालत नाहीत त्यात. मुद्दे चांगलेच लागतात, तीन.' तर म्हणाला, 'सदरा शिवताना पोट असेल तेवढं धरावं लागतं. पोट नाही असं समजून शिवलास तर पहिल्याच दिवशी बटणं उडतात. हे भाषण माझ्या अंगात बसत नाही. कुणा थोर माणसाचं दिसतंय. ज्याचं त्याला देऊन ये.'

…आता जरासा धक्का बसला ना? काही नाही, ब्रेक बसला. उभे राहा नीट. तर काय सांगत होतो?

आठवडाभर माझं ते भाषण त्याने नुसतं उसवलं. शेवटी एका संध्याकाळी मी चिडलो. कागद फेकला, बाहेर आलो, दार धाडकन लावलं, आणि म्हटलं, ऐकायचंय ना? ऐका! म्हटलं, तुम्ही माझी शाळा सोडवलीत. मला गणितात पहिलं बक्षीस मिळणार होतं, ते दुसऱ्याने नेलं, आणि त्याच्या बापाच्या कोटाची काजं मी केली, बक्षीस समारंभासाठी, माझ्या हाताने! दर वेळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मी तुम्हाला शिव्या घातल्या. आणि तरीही घरी येताना तुमचं औषध आणायला एकदाही विसरलो नाही, ते का, ते मला अजून कळलेलं नाही. असं सगळं. मुद्दा पहिला नाही, दुसरा नाही, एक 'अं' नाही. बोलून संपलो आणि उभा राहिलो. टकटक नाही. एकही नाही! म्हटलं, बसलं! अंगात बसलं एकदाचं! दार उघडलं…

झोपला होता. तोंड उघडं, पट्टी छातीवर, घोरतोय.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? केव्हा झोपला? शाळेच्या आधी? कोटाच्या नंतर? तीस वर्षांनी एकदा बोललो, आणि ऐकणारा घोरतोय! सकाळी चहा देताना भीत भीत विचारलं, 'बाबा, काल… कसं झालं?' कपात बघत म्हणाला, 'झालं तेवढं पुरे. आता उसवू नको.' म्हणजे काय? ऐकलं म्हणून म्हणाला, की ऐकलं नाही म्हणून पांघरूण घातलं? मी विचारलं नाही. उद्या विचारू म्हटलं. परवा विचारू म्हटलं. आणि मंगळवारी तो गेला. हो. मंगळवारी गेला आणि शनिवारी परीक्षा.

मॅडम फोनवर म्हणाल्या, 'काका, विषय बदलून घ्या हवं तर.' चांगली आहे हो मुलगी, उगाच नावं ठेवली. पण मी म्हटलं, नको. त्या अख्ख्या वर्गात खरा मेलेला माणूस माझ्या एकट्याकडे आहे, आता विषय कशाला बदलू? उभा राहिलो. हात मोकळे, नजर वर… चाळीस चेहरे. आणि या वेळी सगळे माझ्यावर दया दाखवणारे, ते तर आणखी वाईट. म्हटलं, 'माझे वडील, अं…' घंटीवालीने टिंग केलं नाही. कीव आली असेल तिला. 'अं…' तरी टिंग नाही. ती शांतता ऐकवेना हो मला! घंटी परवडली. एक मिनिट गेलं, दोन गेली, मॅडम हळूच म्हणतायत, 'मुद्दे तीन, काका, पहिला आठवा…' आणि मी काय केलं ठाऊक आहे? मंचावरून उतरलो, बाकांच्या मधून चालत गेलो, वर्गाबाहेर पडलो, दार ओढून घेतलं. आणि बोललो.

व्हरांड्यात एक झाडूवाल्या मावशी होत्या, त्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या. मी दाराला सगळं सांगितलं. शाळेचं सांगितलं, कोटाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. म्हटलं, माझ्या वडिलांनी माझी शाळा सोडवली, आणि ते लपवू नको असंही त्यांनीच मला सांगितलं. मला त्यांचा राग होता, आजही आहे, आणि ते नाहीत तर घर खायला उठतंय. आणि मी जे बोललो ते त्यांनी ऐकलं की नाही हे मला आता मरेपर्यंत कळायचं नाही. एवढं बोलून थांबलो. आणि सवयीने, बघा, सवयीने वाट बघत राहिलो, आतून पट्टी वाजते का.

दार उघडलं तर वर्गात नाकं ओढल्याचे आवाज. तो मोबाइल मारणारा पोरगा तर हमसून रडत होता. मॅडमचे डोळे लाल. मी म्हटलं, चला, सुटलो! सोमवारी निकाल लागला. आशय, दहापैकी नऊ. आवाज, दहापैकी नऊ. नजर, शून्य. हावभाव, शून्य. मंचावरचा वावर, शून्य. पन्नासपैकी अठरा, पास व्हायला वीस! आणि खाली शेरा, लाल शाईत, सुंदर अक्षरात, 'वक्ता मंचावर अनुपस्थित.' मॅडमना विचारलं तर त्यांनाच रडू फुटलं, 'काका, मी काय करू, रकाने वरून छापून येतात!' आता तिला काय बोलणार?

फेरपरीक्षा आहे येत्या शनिवारी. या वेळचा विषय, 'माझ्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस'. हसू नका! मी तीन दिवस डोकं खाजवलं, आणि सापडला एक. कॉलेजात नाव घातलं तो दिवस. गेलो, अर्ज भरला, शिक्का बसला, घरी आलो, बाबांनी अंथरुणातून विचारलं, 'झालं?' मी म्हटलं, 'झालं.' संपला. घड्याळ लावून बघितलं, पाऊण मिनिट! त्यांना चार मिनिटं पाहिजेत. सव्वातीन मिनिटांचा आनंद मी कुठून आणू? हळू बोललो, थांबत थांबत बोललो, तरी एका मिनिटाच्या वर जात नाही. तुमच्यापैकी कुणाकडे एखादा असेल जादाचा, वापरात नसलेला, तर बघा… आँ? काय म्हणता साहेब? लिफ्ट?

लिफ्ट केव्हाच चौथ्यावर आलीय हो. जोडीदार चहा पिऊनसुद्धा आला. दार मीच धरून उभा आहे.