आईचं कोरं कपाळ

१४ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी धुकं, नऊनंतर कोवळं ऊन.

...आन हे असं ऊन आता पडून राह्यलं, आई गेल्यावर. तुमाले सांगतो, असल्याच उन्हासाठी मी चौदा वर्षं थांबलो. मी नागोराव, आदिलाबादजवळच्या तलमडुगुच्या शाळेत मास्तर. माह्याजवळ खरा कॅमेरा हाये, फोनातला नाही. मऊ फडक्यात गुंडाळलेला, अन् फोटोफोटोची वहीत नोंद, तारीख, वेळ, उजेड कसा. आई कापूस वेचून आली की ओट्यावर बसे अन् म्हने, "नागो, काढ नं बापू माहा एक." मी वर आभायाकडे पाहो. उजेड बरा नव्हता. कधी उजेड बरा असला तं तीच म्हने, "थांब, लुगडं बदलून येतो." येईपर्यंत ऊन लिंबाच्या मांगं. उजेड बरा नव्हता. वहीत एक्केचाळीस वेळा लिवलं हाये: आई. फोटो काढला नाही.

आज तिचं पुण्यानुमोदन, गेलेल्या मानसासाठीची बुद्धवंदना. टेबलावर फोटो पायजे, त्याच्यासमोर सारे वंदना घेतात. परवा शोधलं तं कॅमेऱ्यात फोटो बावीसशे. बगळे हायेत, शेजारच्या रुक्माबाईची म्हैस हाये, काय उजेड आला होता तिच्या शिंगावर... आई नाही. माही बायको दीपमाला शांतपने म्हनते, "म्हशीचाच ठेवा मंग."

तं पोरगा हर्षदीप म्हने, "बाबा, माह्या फोनात आजी हाये." ज्या फोनाले मी खेळनं म्हनून राह्यलो, त्यात आजी भाकर थापताना, आजी कोंबडीले शिव्या देताना, आजी दात नसलेलं तोंड उघडून हासताना. उजेड कायचा, नुसता चुलीचा धूर. पन आई होती नं त्यात.

हासतानाचा तो फोटो काल आदिलाबादले नेऊन मोठा केला. अन् पाहतो तं कपाळ कोरं. आईच्या कपाळावर गोंदन होतं, पाच हिरवे टिपके, लहानपनी नार्नूरले गोंदलेले. गेले. सुरकुत्याही गेल्या. हर्षदीप खाली पाहून म्हने, "फोन आपोआप चेहरा साफ करते, बाबा. त्याले ते डाग वाटले." स्टुडिओवाला खुश, "सर, आंटी कितनी जवान दिख रही हैं." सकाळी गयामावशी आली, आईची पाठची बहीन, फोटोसमोर उभी राह्यली अन् इचारते, "नागो, हे बाई कोन हाये?"

आता टिपके काढाचे तं कुठं कुठं? चौदा वर्षं उजेड पाह्यला मी, कपाळ काऊन नाही पाह्यलं? वहीत नाही, डोक्यात नाही. मावशी म्हने, "आमी दोघी एकाच दिवशी गोंदलो, एकाच बाईकडून. माह्यं पाहून काढ."

मावशीले दारात बसवलं. साडेदहाले हिरव्या मार्करनं फोटोच्या काचेवर पाच टिपके काढले. चौथा जरा डावीकडे गेला. अकराले वंदना सुरू झाली.