युनियन कुणाची?

आन् युनियन धरायची ती कुणाला इचारून, सांगा की तुमी! आवो, आमच्या वडगाव रासाईच्या धम्मदीपची गत बघा... दोन हजार चार साल, रांजणगावच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर परमनंट. शेजारच्या प्रेसवरच्या ज्ञानेशची दोन बोटं गेली की वो! का? तर मशीनला गार्ड, म्हंजी हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी, न्हाई! सायब काय म्हणला? "केअरफुल राहायचं!" धम्मदीपनं तवाच ठरवलं, युनियन करायची, गार्ड बसवून घ्यायचं. सरळ हिशेब. मशीनला झेंडा कळतो व्हय?

पण गावात बातमी पोचली आन् पुढारी गेणबा आप्पा दारात हजर! "धम्मा, नोकरी आमच्या सायबांच्या चिठ्ठीनं लागली, मग युनियनबी आमच्याच पार्टीची!" बरं, म्हणून हा सासुरवाडीला दौंडला गेला, तर तिथं चुलतसासरे चांगदेव मामा दुसऱ्या पार्टीचे, त्यांनी ताटाआधी फॉर्मच वाढला! "जावईबापू, करा सही. तुमीच तिकडं गेलात तर मला तिकीट कोण देणार?" आता बोला! बोटं गेली ज्ञानेशची, तिकीट पायजे मामांना!

कारखान्यातबी तीच तऱ्हा. निम्मे आप्पांचे, निम्मे मामांचे, कँटीनला टेबलंसुदिक येगळी... युनियन कुणाची, समदे इचारत्यात. कशासाठी, कुणीच न्हाई! तुमाला सांगतो, मशीनला झेंडा कळतो व्हय?

शेवटी बायको दीक्षा म्हणली, "तुमी कशाला बोलता? ज्ञानेश भावजींनाच उभं करा की!" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ज्ञानेश बाकड्यावर चढला, पट्टी सोडली, हात वर केला. "गेलेली बोटं कुठल्या पार्टीची व्हती, सांगा!" घास हातातच राह्यले, राव... बिनझेंड्याच्या युनियनचा कागद धम्मदीपनं पुढं सरकवला. पयली सही केली बिहारच्या वेल्डरनं. "भैया, हमारा यहाँ वोट ही नहीं, तो हमको पूछता कौन है?" मागनं बासष्ट सह्या! गार्ड बसंस्तवर प्रेसला हात लावायचा न्हाई, म्हणले. चौथ्या दिवशी गार्ड बसलं! मशीनला झेंडा कळतो व्हय? न्हाईच कळत!

माणसांना कळतो ना पण... पाचव्या दिवशी गेटवर दोन बोर्ड, दोन्हींवर "आमच्या प्रयत्नांना यश", दोन्हींवर धम्मदीपचा फोटू! आन् संध्याकाळी आप्पा आन् मामा दोघंबी एकदमच सत्काराला दारात. धम्मदीप काय करणार? म्हणला, या, च्या घ्या... पण बसा म्हणायची पंचाईत. घरात खुर्ची एकच!